प्रवेश घेण्याआधी शिकवणाऱ्यांना ओळखा

बेळ्ळंदूर, कडुबीसनहळ्ळी, सर्जापूर रोड या पट्ट्यातल्या मराठी घरात बारावीचं मूल असलं की वर्षभर ठरावीक प्रश्नांचा काथ्याकूट चालतो. मूल केसीईटीला पात्र ठरतं का, की कॉमेड-के द्यायची? एमएचटी-सीईटी देऊन पुण्याला पाठवावं का? गेल्या वर्षी कॅम्पस मुलाखतींत पॅकेज कितीचं मिळालं? आउटर रिंग रोडच्या रहदारीत कॉलेजची बस घरी किती वाजता पोचते? प्रश्न सगळे रास्त आहेत. पण ज्या माणसांसमोर मूल तीन-चार वर्षं बसणार, त्यांच्याबद्दलचा एकही प्रश्न त्यांत नसतो.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर विभागवार प्राध्यापकांची यादी असते. नाव, पद, पदव्या, अनुभव, आवडीचे विषय. पालक ते पान उघडतात, किती जणांच्या नावामागे ‘डॉ.’ आहे ते मोजतात आणि बंद करतात. माझी विनंती अशी की एक संध्याकाळ मुलासोबत बसून ते पान नीट वाचा. वाचायची रीत एकदा कळली की दोन-तीन तासांत त्या विभागाबद्दल जे समजतं, ते छापील माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

आधी पदव्यांचा रकाना. यातलं किती केवळ नियमापुरतं आहे, हे माहीत असलेलं बरं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार अभियांत्रिकीत असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. किंवा बी.टेक. आणि त्यावर एम.ई. किंवा एम.टेक. लागतं, आणि दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग लागतो. असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव हवा. विज्ञान, वाणिज्य, कला शाखांत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा राज्याची सेट ही पात्रता धरली जाते. महाराष्ट्र-गोव्यासाठी ती सेट पुणे विद्यापीठ घेतं, तशी कर्नाटकाची केसेट आहे. नियमाप्रमाणे मिळवलेली पीएचडी असेल तर नेट-सेटची सूट मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने असिस्टंट प्रोफेसर पदासाठी पीएचडी सक्तीची करायचं ठरवलं होतं. जुलै २०२३ मध्ये ती सक्ती काढून नेट-सेट हीच किमान अट ठेवली. म्हणून पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाच्या नावामागे ‘डॉ.’ नसेल तर ती उणीव समजू नका. प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर म्हणवणाऱ्या व्यक्तीकडे मात्र पीएचडी असायलाच हवी.

पदव्या वाचताना विषय आणि साल या दोन गोष्टींवर नजर ठेवा. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्समध्ये, एम.टेक. संगणकशास्त्रात, पीएचडी व्यवस्थापनशास्त्रात, आणि शिकवायला डेटाबेस, अशी साखळी दिसली तर प्रश्न विचारायला जागा आहे. ‘पीएचडी (पर्सुइंग)’ असं लिहिलेलं असेल तर नोंदणी कोणत्या विद्यापीठात आणि कोणत्या साली झाली ते पाहा. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकाला पाच-सात वर्षं लागणं स्वाभाविक आहे. पण साल आणि विद्यापीठ दोन्ही लिहिलेलं नसेल, तर ती पदवी अजून नाही असंच धरून चाला.

मात्र विषय बदललेला दिसला की लगेच नाक मुरडू नका. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी याची उदाहरणं आहेत. सुलोचना गाडगीळ पुण्याच्या. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, हार्वर्डमधून पीएचडी घेतली ती उपयोजित गणितात. पदवीचा रकाना पाहून कोणीही म्हणेल, गणिताच्या बाई. त्यांनी आयुष्य दिलं मॉन्सूनच्या अभ्यासाला. भारतीय विज्ञान संस्थेत वातावरणविज्ञानाचा अभ्यास उभा करणाऱ्या मोजक्या लोकांत त्या होत्या. पुढे अनंतपूर भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी भुईमूग कधी पेरावा, पावसाचा खंड कधी पडतो, हे त्या शेतकऱ्यांशी बोलत शोधत राहिल्या. गणित त्यांनी सोडलं नाही. ते पावसाला लावलं.

माधव गाडगीळांचंही तसंच. फर्ग्युसन, मग मुंबईला प्राणिशास्त्राची एम.एस्सी., मग १९६९ मध्ये हार्वर्डची पीएचडी, आणि ओढा गणिती परिसरशास्त्राकडे. तिथून ते देवरायांकडे, कर्नाटकातल्या बांबूच्या जंगलांकडे आणि शेवटी पश्चिम घाटाच्या अहवालापर्यंत पोचले. १९८३ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत परिसरविज्ञान केंद्र सुरू केलं. त्याच केंद्रातले राघवेंद्र गदगकर तर पीएचडीने रेण्वीय जीवशास्त्राचे, पण जगात ओळखले जातात ते गांधीलमाशांच्या वसाहतीतल्या राणी आणि कामकरी माश्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी.

या तिघांच्या पदव्या आणि त्यांचं काम यांत अंतर आहे, पण त्या अंतरात कामाचा सलग रस्ता दिसतो. गणितावरून मॉन्सूनवर जाताना मधल्या वर्षांतले शोधनिबंध आहेत, सहकारी आहेत, शेतावर जाऊन केलेलं काम आहे. तुमच्या हातातल्या यादीतल्या प्राध्यापकाबाबतही हेच तपासायचं. इलेक्ट्रॉनिक्समधून मशीन लर्निंगकडे आलेल्या माणसाने मधल्या काळात संकेत-प्रक्रियेवर काम केलं असेल तर तो तुमच्या मुलाला दोन्ही बाजू दाखवेल. विभागाला माणूस कमी पडला म्हणून त्याला उचलून नव्या शाखेत बसवलं असेल, तर मधल्या काळात दाखवण्यासारखं काही सापडणार नाही.

आता आवडीच्या विषयांचा रकाना. भूलभुलैया सगळ्यात जास्त इथेच आहे. ‘मशीन लर्निंग, आयओटी, क्लाउड, ब्लॉकचेन, सायबर सिक्युरिटी’ अशी पाच नावं एका ओळीत, आणि पुढच्या चार प्राध्यापकांच्या नावापुढे तीच पाच नावं थोड्या वेगळ्या क्रमाने. यातून काही कळत नाही. एवढ्या साऱ्या विषयांत खरोखर काम करायला माणसाला एक जन्म पुरत नाही. उलट ‘कन्नड हस्तलिखितांतली अक्षरं संगणकाने ओळखणं’ किंवा ‘सांडपाण्यातल्या फॉस्फरसचं मोजमाप’ असं अरुंद, नेमकं काही लिहिलेलं असेल तर थांबा. विषय जितका नेमका, तितका माणूस त्यात उतरलेला असण्याची शक्यता जास्त.

पडताळायचं कसं? गूगल स्कॉलरवर प्राध्यापकाचं नाव आणि कॉलेज टाका. निबंध किती आहेत ते मोजत बसू नका; गेल्या पाच वर्षांतल्या निबंधांची फक्त शीर्षकं वाचा. ती एकाच दिशेने जाताना दिसतात की दर वर्षी नव्या फॅशनमागे धावताना, एवढं विज्ञान न शिकलेल्या पालकालाही समजतं. मग शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार कोणालाही फुकट वाचता येतं आणि देशभरच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. ज्या शिक्षकाबद्दल कुतूहल आहे त्याचा प्रबंध मिळाला, तर मुलाला पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला सांगा. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. प्रश्न काय होता आणि त्या माणसाने तो मांडला कसा, हे बारावीच्या हुशार मुलाला कळतं. शोधगंगेवर प्रबंध न सापडणं हा मात्र कोणाविरुद्ध पुरावा नव्हे; परदेशातले आणि जुने बरेच प्रबंध तिथे नाहीत.

नियतकालिकांबद्दलही सावध राहा. मान्य नियतकालिकांची आयोगाची जी यादी होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद करण्यात आली. म्हणजे सरकारी शिक्क्यावर विसंबायची सोय आता राहिलेली नाही. एकाच नियतकालिकात अभियांत्रिकी, आयुर्वेद, वाणिज्य आणि संस्कृत असे सगळे विषय छापले जात असतील, ‘चार दिवसांत छापून देतो’ अशी जाहिरात असेल आणि पैसे आधी मागत असतील, तर तिथल्या दहा निबंधांचं वजन शून्य धरा. अशा दहांपेक्षा नीट तपासून छापलेला एक निबंध मोठा.

हे सगळं शिकायला बेळ्ळंदूरच्या माणसाला उत्तम विषय दाराशीच आहे. आपला तलाव. सुमारे ९०० एकरांचा हा तलाव २०१५ नंतर त्याच्या फेसामुळे आणि आगींमुळे जगभर गाजला. यमलूरच्या बाजूला रस्त्यावर उडून येणारा पांढरा फेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आता मुलाला सांगा, या फेसावर कोणी-कोणी काम केलं ते शोध. त्याला भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरविज्ञान केंद्रातला टी. व्ही. रामचंद्र यांचा गट सापडेल. तलावाचं पाणी, भोवतालच्या जमिनीचा बदललेला वापर, पाणथळ जागांचा नाश यांवर या गटाने वर्षानुवर्षं अहवाल लिहिले आहेत. त्याच संस्थेच्या शाश्वत तंत्रज्ञान केंद्रातले संशोधक सापडतील. साबण-डिटर्जंटमधली रसायनं तळाच्या गाळात साचतात, जोराच्या पावसात तो गाळ ढवळला जातो, आणि पाणी उंचावरून कोसळतं तिथे फेस उसळतो, हे त्यांनी प्रयोगाने तपासलं आहे. या कामात सूक्ष्मजीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, स्थापत्य अभियांत्रिकी आहे. विभागांच्या भिंती त्यात उरत नाहीत.

हा शोध घेताना मुलाला एक गोष्ट आपोआप कळते. ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ असं म्हणणारं मूल पर्यावरण या नावाचाच अभ्यासक्रम शोधत असतं. पण त्याला हवं ते काम रसायन अभियांत्रिकीतल्या, संगणकशास्त्रातल्या किंवा अर्थशास्त्रातल्या एखाद्या प्राध्यापकाकडेही असू शकतं. सर्जापूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी तर विज्ञान, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र यांचे शिक्षक एकाच आवारात भेटतात. म्हणून अभ्यासक्रमाचं नाव आधी न धरता माणसं आधी धरावीत, असं माझं ठाम मत आहे.

शिक्षकाच्या आवडीचा मुलाला किती उपयोग होईल, हे कॉलेजच्या स्वायत्ततेवरही ठरतं. बेंगळुरूची बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजं बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. जी स्वायत्त नाहीत, त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठ ठरवतं. तिथे शिक्षकाची आवड दिसते ती मुख्यतः प्रकल्पात आणि ऐच्छिक विषयात. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम तिथलेच प्राध्यापक बनवतात, प्रश्नपत्रिका तेच काढतात. तिथे चांगला विभाग फार चांगला ठरू शकतो आणि कमकुवत विभाग अधिक कमकुवत. त्यामुळे स्वायत्त कॉलेज निवडणार असाल तर प्राध्यापकांच्या पानावर दुप्पट वेळ घालवा.

संकेतस्थळावरची यादी जुनी असू शकते. कॉलेज सोडून गेलेल्या माणसाचं नाव काढायला कोणाला घाई नसते. यावर एक खात्रीशीर उपाय आहे आणि तो फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, कॉलेज जी माहिती पाठवतं ती त्याला स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. अभियांत्रिकी कॉलेजांच्या त्या पीडीएफमध्ये शेवटी प्राध्यापकांचा तक्ता असतो: नाव, वय, पद, शिक्षण, महिन्यांत मोजलेला अनुभव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. हा तक्ता आणि विभागाचं पान शेजारी-शेजारी उघडा. रुजू झाल्याच्या तारखा एकापाठोपाठ गेल्या दोन वर्षांतल्याच असतील तर विभाग नवा आहे किंवा माणसं टिकत नाहीत. दोन्हींत विचारायला हवं. पंधरा-वीस वर्षं एकाच ठिकाणी राहिलेली तीन-चार माणसं विभागात असतील, तर त्यांच्याभोवती एक शिस्त, एक प्रयोगशाळा, एक परंपरा तयार झालेली असण्याची शक्यता बरीच.

त्याच तक्त्यावरून डोकीही मोजा. परिषदेचं पदवी अभियांत्रिकीसाठीचं प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादाही परिषदेने उठवली, त्यामुळे मोठ्या कॉलेजांना संगणकशास्त्राच्या जागा भराभर वाढवण्याची वाट मोकळी झाली. जागा एका वर्षात वाढवता येतात. चांगले शिक्षक एका वर्षात मिळत नाहीत. तुम्ही ज्या शाखेत प्रवेश घेताय तिच्या जागा दोन वर्षांपूर्वी किती होत्या आणि आज किती आहेत, शिक्षक तेव्हा किती होते आणि आज किती, हे चारच आकडे कागदावर लिहा.

आपल्या भागात आणखी एक पद वारंवार दिसेल: प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस. उद्योगात किमान १५ वर्षं काम केलेल्या अनुभवी माणसाला पीएचडी नसतानाही शिकवता यावं म्हणून आयोगाने २०२२ मध्ये ही सोय केली आणि एकूण मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी पदं ठेवायला परवानगी दिली. आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांतल्या ज्येष्ठ मंडळींसाठी ही संधी आहे आणि विद्यार्थ्यांसाठीही. पण ते आठवड्याला किती तास येतात, एक पूर्ण विषय शिकवतात की सत्रात दोन भाषणं देऊन जातात, हे विचारल्याशिवाय त्या नावावर भाळू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला शिकवायची खरी ओढ असेल, तर या वाटेचा जरूर विचार करा. निव्वळ पद मिरवायला नको. एक विषय आरंभापासून शेवटपर्यंत शिकवायला जा.

पहिल्या दोन सत्रांत मुलाला गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग शिकवणारा माणूस यादीत बहुधा खाली असतो. एम.एस्सी., सेट, वीस वर्षांचा अनुभव, निबंध दोन किंवा एकही नाही. तरी मुलाचा पाया घालणारा तोच. त्याची किंमत कागदावरून कळत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारूनच कळते. त्यांना ‘कॉलेज कसं आहे’ असं मोघम विचारू नका. ‘पहिल्या वर्षी गणित कोण शिकवतं, शंका विचारली तर थांबतात का, वह्या तपासून परत देतात का’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला मुलं नेमकं उत्तर देतात.

प्राध्यापकाला थेट लिहायलाही हरकत नाही, फक्त पत्र मुलाने लिहावं, आईवडिलांनी नव्हे. स्वतःचं नाव आणि इयत्ता, त्यांचं काय वाचलं ते एका वाक्यात, आणि एकच प्रश्न. ‘तुमचा बेळ्ळंदूर तलावावरचा लेख वाचला, पदवीच्या मुलांना अशा प्रकल्पात काम करता येतं का’ एवढं पुरे. गुण, बक्षिसं, घरची पार्श्वभूमी नको. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी आणि सोडून द्यावं. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्यावर कामाचा ढीग असतो. यादीत कुलकर्णी, पाटील, देशपांडे दिसले म्हणून केवळ त्यांनाच गाठायचं, ही सवयही सोडावी. परमुलखात आपलं माणूस दिसलं की बरं वाटतं हे खरं, पण मुलाचा विषय ज्या माणसाकडे आहे, तोच त्याच्यासाठी आपला.

याच शहरातली कमला सोहोनी यांची हकीकत या बाबतीत प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावी. तेव्हाच्या कमला भागवत. वडील आणि काका दोघेही भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या त्याच संस्थेत आल्या, तेव्हा संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला, आणि कमलाबाईंनी हट्ट धरल्यावर अटी घालून दिला. ज्यांच्या हाताखाली त्या घडल्या ते मात्र एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण विषयात मुरलेले आणि विद्यार्थिनीला मनापासून शिकवणारे. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी तिथे काम केलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. संस्थेतलं सगळ्यात मोठं नाव त्यांच्या वाटेत उभं होतं आणि आज फारसं कोणाला आठवत नाही त्या नावाने त्यांना हात दिला. यादीच्या शिरोभागी झळकणाऱ्या एका नावावरून कॉलेज निवडू नका असं मी म्हणतो, ते यासाठी.

प्रवेश झाल्यावर आकडे लिहिलेला तो कागद फेकून देऊ नका. मुलाच्या आवडीशी जुळणाऱ्या तीन प्राध्यापकांची नावं त्यावर लिहून ठेवा आणि पहिल्या सत्रातच त्यांतल्या एकाला भेटून यायला मुलाला सांगा, भले तो त्या वर्षी त्यांच्या वर्गात नसला तरी. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय आणि प्रकल्पाचे गट ठरायला लागतील तेव्हा तीच यादी पुन्हा काढा आणि कोण अजून कॉलेजात आहे, कोणाचं काम कुठे वळलं ते नव्याने पाहा. बरीच मुलं प्रकल्पाचा मार्गदर्शक शेवटच्या आठवड्यात, मित्र जातो त्याच्याकडे म्हणून निवडतात. तुमच्या मुलाने सत्र संपण्याच्या दोन महिने आधी, ठरवलेल्या माणसाचे अलीकडचे दोन निबंध वाचून त्याच्या दारावर टकटक करावी.